विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

दोन शहरांमधलं अंतर घ्यायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, की झाला हिशोब. हे करणारे इतके भेटतात की आता समजावून सांगायचाही कंटाळा येतो, पण नुकसान होताना बघवत नाही.

माझ्या भाच्याला लंडनहून न्यूयॉर्कला जायचं होतं. तिकीट दुसरंच कुणी काढणार होतं. विमान सकाळी 11 चं, एवढंच त्याला ठाऊक. अंतर साधारण 5,550 किमी, वेग ताशी 900 धरला, उत्तर आलं सहा तास दहा मिनिटं. न्यूयॉर्कचं घड्याळ पाच तास मागे, म्हणजे 12:10 ला पोचणार. त्या भरवशावर पुढची अडीचची बस बुक करून मोकळा झाला. विमान गेटला लागलं तेव्हा दोन वाजले होते. अडीच वाजता तो इमिग्रेशनच्या रांगेतच उभा होता. बस गेली, पैसेही गेले.

भागाकार बरोबर होता. पण ताशी 900 हा वर स्थिरावलेल्या विमानाचा वेग. धावपट्टीपर्यंत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, चढणं, उतरणं यातच बराच वेळ जातो. शिवाय नऊ ते बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीमचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. भाच्याला ते समोरून लागले. म्हणूनच लंडन-न्यूयॉर्कला आठेक तास लागतात आणि परतीला सातच्या आसपास. मी तर अंतरावरून वेळ काढतच नाही. त्याच मार्गावरच्या, त्याच दिशेच्या विमानाचं वेळापत्रक उघडतो. दोन मिनिटं लागतात, पण नवख्यांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक म्हणजे पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करणं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 6 ला पोचलात, तर प्रवास पाच तासांचा झाला का? उन्हाळ्यात दोन घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे झाले साडेनऊ. हिवाळ्यात तोच फरक साडेपाच होतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास मागे जातात. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाताना मध्ये वाररेषा येते. संध्याकाळी निघालेला माणूस त्याच तारखेच्या सकाळी उतरतो. माझी सवय अशी की दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, कागदावर लिहायच्या आणि मगच वजाबाकी करायची. तोंडी हिशोबावर माझा विश्वास नाही.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. टोकियो-न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग अलास्कावरून जातो, नकाशावर तो उगाच वळसा वाटतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

सागरी मैल 1.852 किमीचा, साधा मैल 1.609 चा. आकड्यापुढचं एकक वाचा.

शहराचं नाव टाकलं की देशही तपासा. सिडनी कॅनडातही आहे.

विमानतळ म्हणजे शहर नव्हे. नारिता टोकियोच्या मध्यापासून साधारण 60 किमीवर आहे, हानेदा त्याहून कितीतरी जवळ.

आणि कॅल्क्युलेटरवर 6.17 तास दिसले तर ते सहा तास सतरा मिनिटं वाचू नका. दशांश भागाला 60 ने गुणा. ती दहाच मिनिटं आहेत.