ऑप्थॅल घ्यायचंय? एमबीबीएसला असतानाच या चुका टाळा

सांगली-मिरजेतले दोन-चार विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडं येतात. प्रश्न एकच असतो : ‘सर, ऑप्थॅल (नेत्ररोगशास्त्र) घ्यायचंय, आत्तापासून काय करू?’ बहुतेक जण दुसऱ्या वर्षाला असतात आणि त्यांनी तयारी सुरूही केलेली असते. उत्साह खरा असतो, म्हणूनच तो भलतीकडं खर्च होताना बघून वाईट वाटतं.

अमेरिकेची तयारी मिरजेत

मोबाइलवर अमेरिकेतल्या रेसिडेंट्सचे, म्हणजे एमबीबीएसनंतरचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचे व्हिडिओ बघून मुलं पहिल्या वर्षापासून रिसर्च पेपरच्या मागं लागतात. त्यांच्याकडं ते बरोबरच आहे. अमेरिकेत या विषयाच्या जागा एसएफ मॅच या प्रवेशप्रक्रियेतून भरतात. तिथं शोधनिबंध, शिफारसपत्रं, मुलाखत या सगळ्याला वजन असतं. तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप १ तर २०२२ पासून नुसती पास-नापास झाली आहे. आपल्याकडं एमएसची, म्हणजे पदव्युत्तर जागा नीट पीजी या प्रवेशपरीक्षेच्या रँकवर मिळते : २०० प्रश्न, ८०० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. तुमच्या नावावर किती पेपर आहेत, हे तिथं कुणी विचारत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना जरूर करा, प्रश्न कसा मांडायचा ते त्यात कळतं. पण त्यापायी पॅथॉलॉजी मागं पडू देऊ नका. अमेरिकेलाच जायचं असेल तर ते लवकर ठरवा, कारण दोन्ही दरडींवर हात ठेवणाऱ्यांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

फक्त डोळाच वाचणं

एमबीबीएसचे विषय १९. नीटमध्ये डोळ्याचे प्रश्न मूठभर येतात. ऑप्थॅलची सीट मिळते ती मेडिसिन, सर्जरी, गायनॅक आणि फार्मॅकच्या जोरावर. शिवाय डायबेटिस, बीपी आणि थायरॉइड नीट न कळलेला माणूस पुढं रेटिना काय बघणार?

पोस्टिंग म्हणजे सुट्टी समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. इंटर्नशिपमध्ये डोळ्याच्या विभागातल्या पोस्टिंगला जेमतेम दोन आठवडे मिळतात आणि ज्यांना हाच विषय हवा असतो तेही त्या दिवसांत लायब्ररीत जाऊन एमसीक्यू सोडवत बसतात.

माझ्या इंटर्नशिपमधली गोष्ट. जतकडच्या एका काकांची एका डोळ्याची नजर चार दिवसांत उतरली होती. मी लगबगीनं दोन्ही डोळ्यांत ट्रॉपिकॅमाइड, म्हणजे बाहुली फाकवणारा ड्रॉप टाकून मोकळा झालो. सर आले, टॉर्च हातात घेतला आणि म्हणाले, ‘आरएपीडी बघितलास?’ बघितलं नव्हतं. ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याची नस बिघडल्याची ही बाहुलीतली खूण. चांगल्या डोळ्यावरचा टॉर्च दुखऱ्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसून राहते की उलट फाकते, एवढंच बघायचं असतं. काही सेकंदांचं काम. पण ड्रॉप पडल्यावर बाहुल्या फाकूनच राहिल्या आणि ऑप्टिक नर्व्हचा सगळ्यात सोपा पुरावा त्या दिवसापुरता हातचा गेला. काकांना दुसऱ्या दिवशी परत एसटीनं यावं लागलं. तेव्हापासून माझा क्रम बदललेला नाही : आधी नजर, मग पिनहोल (बारीक छिद्रातून नजर), बाहुली, पुढच्या कप्प्याची खोली, डोळ्यातलं प्रेशर आणि सगळ्यात शेवटी ड्रॉप.

डोळ्याच्या आतला पडदा बघायच्या ऑप्थॅल्मोस्कोपचंही तसंच. ‘सर, काहीच दिसत नाही’ ही तक्रार असेल तर आधी हात बघा. रुग्णाचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्यानं, स्कोप उजव्या हातात, डावा डाव्यानं. मुलं दोन्हीकडं सोयीचाच डोळा लावतात आणि नाकाला नाक भिडतं. खोलीत अंधार करा, समोरच्याला लांब भिंतीकडं बघायला सांगा. हातभर अंतरावरून लाल चमक दिसली की ती न सोडता, थोडं कानाच्या बाजूनं जवळ जात राहा. एखादी रक्तवाहिनी दिसली की तिच्या मागानं डिस्क, म्हणजे ऑप्टिक नर्व्हचं तोंड सापडतं. हॉस्टेलवर रूममेटचे दोन्ही डोळे रोज बघा. महिनाभरात हात बसतो.

आणि आपल्या भागात जे दिसतं ते दिल्लीच्या नोट्समध्ये शोधू नका. ऊसतोडीच्या हंगामात एखादी मावशी डोळ्याला पदर लावून येते. बुबुळावर पांढरट, कोरडा डाग, कडा पिसासारख्या. ‘पातं लागलं होतं, दुकानातनं ड्रॉप आणून घातला,’ म्हणते. तो ड्रॉप बघायला मागा. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला खतपाणीच मिळालेलं असतं. खरवडून काढलेला नमुना केओएच या द्रावणात ठेवून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघा. बुरशीचे ते धागे एकदा डोळ्यांनी पाहिले की नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध पाठ करावं लागत नाही. मिरजेत अथणी, चिक्कोडीकडचे पेशंटही खूप येतात. ‘दिसतंय का?’ आणि ‘कधीपासून?’ एवढं तरी कानडीत विचारता आलं पाहिजे.

स्वतःचे डोळे न तपासणं

मायक्रोस्कोपखालचं काम दोन्ही डोळ्यांच्या मिळून दिसणाऱ्या खोलीवर चालतं. लहानपणी तिरळेपणा किंवा एक डोळा आळशी असेल तर स्टिरिऑप्सिस, म्हणजे ही खोली दिसण्याची क्षमता आत्ताच तपासून घ्या. हे सीट घेतल्यावर कळणं फार जड जातं.

टाक्यांचा सराव करायचा तर मटणाच्या दुकानातून सकाळीच बोकडाचे डोळे आणा. उशीर झाला की बुबुळ धुरकटतं.

नाव बघून चॉइस भरणं

रँक आल्यावर घाईत कॉलेजचं नाव आणि शहर बघून यादी भरली जाते. डीएनबी या एमएसच्या तोडीच्या पदवीच्या जागा, त्यातही फक्त डोळ्यांची हॉस्पिटलं, कितीतरी जण उघडूनही बघत नाहीत. सरकारी कॉलेजातून शिकला असाल तर सरकारी सेवेच्या बंधपत्राच्या एका वर्षाचं काय करायचं, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून आधीच पक्कं करा. मग प्रत्येक ठिकाणच्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन लावा. फी आणि हॉस्टेल नंतर विचारा. आधी विचारा, ‘दादा, आजवर पहिल्या चिऱ्यापासून शेवटपर्यंत स्वतः किती मोतीबिंदू केलेत?’ जिथं केसेस मिळतात तिथला रेसिडेंट आकडा लगेच सांगतो. तो ‘असिस्ट भरपूर करायला मिळतं’ असं म्हणाला, तर ते नाव यादीत खाली सरकवा.