होडी कोरड्यात निवडू नका : घरासाठी छोटी होडी घेताना या चुका टाळा

दिवाळी झाली की बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाचा फुगवटा भरलेला असतो, ऊन कोवळं असतं आणि माझा फोन वाजायला लागतो. "दोन होड्या बघून ठेवल्यात, कुठली घेऊ?" विचारणारा कधी संकेश्वरचा, कधी निपाणीचा, कधी बेळगावात फ्लॅटमध्ये राहणारा. मागोमाग दोन फोटो येतात. दोन्ही होड्या गोठ्याशेजारी नाहीतर शेडमध्ये विटांवर टेकवलेल्या. पाण्यातला फोटो एकही नसतो. मी विचारतो, "पाण्यात बघितलीस काय?" तिकडून उत्तर येतं, "त्यात काय बघायचं? होडीच की ती."

त्या "होडीच की ती"वर पुढचं सगळं लिहितोय.

फुटावर होडी घेणं

प्लॉट घेताना फूट मोजायची सवय आपल्याला लागलेली, तीच होडीला लावतात. एक होडी १६ फुटी, जुनी, कोकणातून आलेली. दुसरी १२ फुटी, फायबरची, सपाट तळाची. किंमत थोडीफार सारखी. मग त्याच पैशात चार फूट जास्त मिळतात म्हणून लांबडी घेतात. रुंदी किती ते कुणी विचारतच नाही.

लांबडी तीन फूट रुंद, आखूड चार फूट रुंद. क्षेत्रफळ काढलं तर दोन्ही ४८ चौरस फूट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा २० फुटांखालच्या होड्यांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: लांबी गुणिले रुंदी, भागिले १५, तेवढी माणसं. त्यानंही दोन्हीकडे ३.२, म्हणजे तीनच माणसं येतात. झालं, दोन्ही सारख्याच, असं म्हणून माणूस मोकळा होतो.

पण होडी कलंडायला किती विरोध करते ते क्षेत्रफळावर ठरत नाही. लांबीच्या पटीत तो साधा वाढतो, रुंदीच्या मात्र घनात. तीनाचा घन २७, चाराचा ६४. लांबीसकट गुणाकार केला तर लांबडीचा आकडा ४३२ येतो आणि आखूडाचा ७६८, म्हणजे पावणेदोन पटीपेक्षा जास्त. ही रुंदी पाण्याला टेकलेली धरायची, वरच्या काठाची नव्हे. कोकणातली होडी वर पसरट दिसते आणि खाली निमुळती होत जाते, त्यामुळे खरा फरक याहूनही मोठा पडतो.

हे घनाचं गणित मी आधी केलं नव्हतं. आधी होडी घेतली.

मेव्हणा आणि मी, दोघांनी मिळून. वेंगुर्ल्याकडची लांबडी होडी, उलांडीसकट. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो: होडीच्या एका अंगाला दोन आडवी लाकडं बांधतात आणि त्यांच्या टोकाला एक लांब ओंडका पाण्यावर तरंगत राहतो, ती उलांडी. आंबोली घाट चढून येताना पिकअपमध्ये होडी बसली, उलांडी बसेना. ड्रायव्हर कुरकुरला. मेव्हणा म्हणाला, "ते समुद्रातल्या लाटांसाठी असतंय. आपल्या धरणात कुठल्या लाटा?" मलाही पटलं. उलांडी सोडून दोरीनं टपावर बांधून आणली आणि त्याच्या माळ्यावर टाकली.

पहिल्या रविवारी मी, मेव्हणा, माझी बायको आणि तिची धाकटी बहीण असे चौघं निघालो. हिशेब तिघांचा सांगतो, हे तेव्हाही मला माहीत होतं. काठापासून वीस-पंचवीस हात गेलो. होडी जरा डुलत होती, पण वल्ही मारताना सुरेख पळत होती, ते कबूल करतो. गळाला चिलापी लागली. चांगली हाताएवढी. बायकोनं दोरा ओढला आणि मासा बघायला उभी राहिली. तिच्या बाजूला मेव्हणा वाकला. बहीण घाबरून तिकडंच सरकली. पुढचं इतक्या सावकाश झालं की मला बघता आलं: उजवा काठ पाण्याशी आला, क्षणभर तिथंच थांबला, आणि मग पाणी असं आत आलं जसं कुणी घागर ओतावी.

पाणी छातीएवढंच होतं म्हणून आज हे हसत लिहितोय. डबा गेला, मेव्हण्याचा मोबाइल गेला, चिलापी तर गेलीच. काठावर एक म्हातारे भोई मामा जाळं सुकवत बसले होते. त्यांनी होडी ओढायला हात लावला, बाजूला रिकाम्या खाचा बघितल्या आणि म्हणाले, "उलांडी कुठं हाय?" मी म्हटलं, घरी. मामा म्हणाले, "पाय घरात ठेवून माणसाला उभं करूलालास व्हय?"

बायको पुढं वर्षभर पाण्याजवळ आली नाही.

म्हणून माझी सवय अशी. दोन होड्यांतली एक निवडायची असेल तर दोन्ही पाण्यात टाकून घेतो, गुडघाभर पाण्यात. विकणारा नाही म्हणाला तर पुढं बोलतच नाही. मग घरातली जेवढी माणसं रोज जाणार, तेवढी सगळी एकाच काठाला बसवतो. मुद्दाम. त्या बाजूचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे. राहिला नाही तर फूट कितीही असोत, ती घरची होडी नव्हे. पोरं असलेल्या घरात "सगळे मधोमध बसा" हा नियम दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, एवढं धरूनच होडी बघायची.

लांबडी वाईट असं माझं म्हणणं नाही. दोघंच जाणकार गडी जाणार असतील, लांब वल्हवत जायचं असेल, तर सपाट तळाची होडी म्हणजे पाटावर बसून वल्हवणं. ती वाऱ्यानं आडवी सरकते आणि लाट आली की तळ थाडथाड आपटतो. अशा दोघांनी लांबडीच घ्यावी, उलांडीसकट. बायको-पोरं, आजी आणि डबा घेऊन जाणाऱ्यांनी आखूड, रुंद घ्यावी आणि हळू जायला शिकावं. घाई असेल तर मासे बाजारात मिळतात.

"चौघांची होडी" या शब्दावर विश्वास

विकणाऱ्याचे चौघं सडपातळ असतात आणि रिकाम्या हातानं येतात. आपल्याकडं पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे सरळ २० किलो. वर नांगर, दोरखंड, डबे, छत्री, आणि "असू दे की" म्हणून घेतलेली सतरंजी. मी चौघांची म्हणणाऱ्या होडीत तिघं धरतो आणि दहा वर्षांच्या पोराला अख्खं माणूस मोजतो, कारण वजन कमी असलं तरी हलतं तेच सगळ्यात जास्त.

बैठकीखाली काय आहे ते न बघणं

फायबरच्या होडीत बैठकीखाली बंद कप्पे असतात. विकणारा त्यावर थाप मारून सांगतो, "बुडायचीच नाही." थाप पोकळ वाजली तर आत नुसती हवा आहे. फायबरला दगडावर एक तडा गेला की त्या हवेच्या जागी पाणी. आत बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम भरलेला हवा, म्हणजे तडा गेला तरी पाण्याला जागा उरत नाही. एक घनफूट फोम साधारण २७ किलो पेलतो, त्यावरून किती फोम हवा ते घरबसल्या काढता येतं. मी तर घेण्याआधी होडी उथळ पाण्यात काठोकाठ भरून बघतो. भरलेली होडी तरंगली पाहिजे आणि तिला धरून दोन माणसं लोंबकळली तरी तरंगत राहिली पाहिजे. विकणारे वैतागतात. वैतागू देत.

पोरांना वाढत्या अंगाचं लाइफ जॅकेट

हे मात्र मला खरंच सहन होत नाही. शाळेचा युनिफॉर्म जून महिन्यात दोन माप मोठा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, हे आपल्या रक्तात आहे. जॅकेटलाही लोक तेच करतात. "पुढच्या वर्षी परत कुठं घेत बसायचं?" माझ्या चुलतभावानं सहा वर्षांच्या पोरीला असंच मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं होतं, पट्टे आवळून. काठावर गोड दिसत होती. म्हटलं, इथंच उथळ पाण्यात जरा बसव तिला. बसवली. जॅकेट वर तरंगलं आणि पोरगी खाली घसरली. फोम कानांच्या वर, तोंड जॅकेटच्या आत, हात आडवे अडकलेले. दोन सेकंदांत उचलली, पण त्या दोन सेकंदांत भावाचा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला. त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

परीक्षा सोपी आहे, दुकानातच करा. जॅकेट घालून सगळे पट्टे लावायचे आणि दोन्ही खांद्यांकडून धरून पोराला वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आलं तर ते परत द्यायचं. लहान पोरांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. जॅकेट लेबलवर लिहिलेल्या वजनावर घ्यायचं, वयावर नाही. आणि दरवर्षी नवं घ्यावं लागलं तर घ्यायचं. होडीला पैसे आहेत आणि जॅकेटला नाहीत, असं म्हणणाऱ्याला मी होडीच घेऊ नको म्हणतो.

इंजिन आधी, होडी नंतर

गोव्यात स्वस्तात मिळालं म्हणून इंजिन घेऊन येतात आणि मग त्याच्या मापाची होडी शोधत फिरतात. होडीच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात तिची उंची १५ इंच असेल तर इंजिन आखूड शाफ्टचं (दांड्याचं), २० असेल तर लांब. उलटं झालं तर पंखा एक तर हवा कापतो, नाहीतर चिखल. जुन्या होडीत ती फळी आतून कुजलेली असते, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, बद्द आवाज आला तर सोडून द्या. इंजिन लावलं की २०२१ च्या केंद्राच्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्नही येतो. पहिली दोन वर्षं वल्ह्यांवरच काढा. हात दुखतात, पण पाणी कळतं. हिडकलच्या पाण्याखाली जुनी झाडं, बांध, भिंती आहेत. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं, तेच दिवाळीत पाण्याखाली असतं. मे महिन्यात एकदा काठानं चालत जाऊन कुठं काय आहे ते बघून या. पंखा मोडण्यापेक्षा ते स्वस्त.

उरलेल्या, थोडक्यात

बूच: पाणी काढायच्या भोकाचं बूच होडी धुताना काढतात आणि लावायचं विसरतात. मी ते गाडीच्या किल्लीला बांधतो.

नांगर मागच्या बाजूनं टाकू नका. मागचा काठ बुटका आणि ती बाजू जड असते, लाट थेट आत येते. नाकाकडूनच, आणि दोरखंड खोलीच्या पाचपट तरी.

होडी कोण उचलणार ते आधी ठरवा. पहिल्या दिवशी सहा जण येतात, तिसऱ्या रविवारी तुम्ही आणि बायको.

वारा दुपारी उठतो. अकराला मी काठावर असतो, मासे लागत असले तरी.

परवानगी: धरणात मासे धरायचा हक्क मत्स्य खात्याकडून ठेक्यानं किंवा परवान्यानं दिलेला असतो. ठेकेदाराला आणि खात्याच्या कचेरीत विचारल्याशिवाय होडी उतरवू नका. राकसकोपचं तर नावच काढू नका, ते बेळगावचं प्यायचं पाणी आहे.

कृष्णेकाठी, रायबाग-अथणीकडं जाणार असाल तर तिथं मगरी आहेत. पोरांना पाण्यात हात घालू देऊ नका.

आणि कुणीतरी एक जण नेहमी म्हणतोच, "होडी कशाला, गुऱ्हाळाची काहील हाय की." पुरात काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, माणसं पलीकडं नेलेली आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण ती नेणारा काहील हाकण्यात मुरलेला असतो आणि समोर दुसरा इलाज नसतो. हौसेनं बसाल तर जागच्या जागी गरगर फिराल आणि गळ शेजाऱ्याच्या कानात.

आमची लांबडी शेवटी घटप्रभेकाठच्या दोघा भावांना विकली. पट्टीचे पोहणारे, वल्ह्याला हात बसलेला. उलांडी माळ्यावरून काढून दिली, खाचांत बसवून, दोर आवळून दाखवला. दोघांनी होडी डोक्यावर धरून ट्रॉलीत चढवली, आणि मोठा मागं वळून म्हणाला, "काका, हे बाजूचं लाकूड ट्रॉलीच्या बाहेर येऊलालंय. काढलं तर चालतंय न्हवं?"