डायलिसिस सुरू होताना: दोन सत्रांमधले दिवस कसे सांभाळावेत

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास काम करतात, तर हीमोडायलिसिसचे, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करण्याचे, यंत्र बहुतेक रुग्णांसाठी आठवड्यातून 3 वेळा आणि प्रत्येक वेळी साधारण 4 तास, म्हणजे फक्त 12 तास चालते. उरलेल्या वेळात शरीरात साठणारे पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस आटोक्यात ठेवण्याचे काम रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते, आणि माझ्या मते उपचार सुसह्य होणार की त्रासाचा, हे पुष्कळसे तिथेच ठरते.

यंत्र काय करते, हे आधी समजून घ्यावे. हातात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येते, डायलायझर नावाच्या नळकांड्यातील केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधून जाते आणि दुसरीतून परत शरीरात येते. तंतूंच्या बाहेरून खास द्रावण वाहत असते. युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये आणि जास्तीचे पोटॅशियम रक्तातून त्या द्रावणात उतरतात, द्रावणातले बायकार्बोनेट रक्तात येऊन आम्लता कमी करते आणि साठलेले पाणी दाबाच्या फरकाने ओढून घेतले जाते. रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात. द्रावण मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर वाहते, त्यामुळे एका सत्राला सुमारे 120 लिटर पाणी लागते. ते इंदूरला नळाने येणारे नर्मदेचे असो की बोरिंगचे, आरओ यंत्रणेतून शुद्ध केल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणून केंद्र निवडताना पाण्याची तपासणी केव्हा केव्हा होते, हे निःसंकोच विचारावे. डायलायझर धुऊन पुन्हा वापरला जात असेल, तर जोडण्यापूर्वी त्यावरचे नाव आपलेच आहे ना, हे रुग्णाने स्वतः वाचावे.

फिस्टुलाची, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाची, तयारी मात्र डायलिसिसच्या कितीतरी आधी व्हायला हवी. हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडल्यावर ती शीर जाड आणि टणक होऊन सुया घेण्याजोगी व्हायला निदान 6 ते 8 आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. तोपर्यंत वेळ आली तर मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका बराच वाढतो. म्हणून मूत्रपिंडाचा आजार वाढत असल्याचे कळताच ज्या हाताने आपण लिहीत नाही, त्या हाताच्या शिरा जपाव्यात. सलाइन किंवा रक्ततपासणीची वेळ आली, तर पंजाच्या मागची शीर घेण्यास सांगावे. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये, त्या कुशीवर झोपू नये. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे त्यावर अलगद ठेवावीत: आत रक्त वाहत असल्याची बारीक, सतत थरथर लागते. ती लागेनाशी झाली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता वजनाविषयी. अंगावर सूज नाही, धाप लागत नाही आणि रक्तदाब नीट आहे, अशा स्थितीतील वजनाला ड्राय वेट म्हणतात. दोन सत्रांमध्ये त्यावर वाढणारे वजन बहुतांशी पाण्याचेच असते. 60 किलोच्या माणसाने ही वाढ अडीच किलोच्या आत ठेवावी. त्याहून जास्त पाणी 4 तासांत काढायचे झाले, तर रक्तदाब एकदम खाली येतो, पायांत गोळे येतात आणि हृदयावर ताण पडतो. दिवसभराच्या पाण्याचा साधारण हिशोब आदल्या दिवशीची लघवी अधिक 500 मिलिलिटर असा असतो. चहा, ताक, वरणाचे पाणी हे सारे त्यातच येते. तेवढे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवावे आणि चहा घेतला की तेवढे तिच्यातून कमी करावे.

तहान मिठाने वाढते, आणि इंदूरमध्ये मीठ शेवेच्या रूपाने पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यावर पडते. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे सत्र असणाऱ्यांच्या मोठ्या खंडात नेमका रविवार येतो. त्या दिवशीचे पोहे घरी, कमी मिठाचे आणि शेवेविना करावेत. लो सोडियम मीठ अजिबात वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. सैंधव हेही शेवटी मीठच आहे.

उपवासाकडे आपल्या घरांत विशेष लक्ष द्यायला हवे. बटाटा, रताळे, केळी, खजूर, शेंगदाणे, शहाळे हे सगळे पोटॅशियमने भरलेले पदार्थ एकादशीला एकाच ताटात येतात, आणि रक्तातील पोटॅशियम अचानक वाढले तर हृदय थांबू शकते. कमरख तर मुळीच खाऊ नये. बटाटा खायचाच असेल, तर सोलून बारीक चिरावा, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावे आणि थोडाच खावा. मात्र डायलिसिसपूर्वी सांगितलेले कमी प्रथिनांचे पथ्य पुढे तसेच चालवणे ही घरोघरी होणारी चूक आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, म्हणून अंडी, पनीर, डाळ यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून नव्याने ठरवून घ्यावे. अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्यात, एरवी त्यांचा उपयोग होत नाही.

कॅथेटर असताना थंडी वाजून ताप येणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, हातापायांतले बळ जाणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नये. फिस्टुलातून रक्त वाहू लागले, तर जाड टॉवेल न गुंडाळता नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबून धरावे आणि तसेच रुग्णालयात जावे.

खर्चासाठी 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांचे डायलिसिस मोफत होते. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि 70 वर्षे व त्यापुढील व्यक्तींना 2024 पासून उत्पन्नाची अट नाही. पुण्याला किंवा मुंबईला लग्नकार्यासाठी जायचे असेल, तर तिथल्या केंद्रात जागा आधीच ठरवावी आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे ताजे अहवाल, ड्राय वेट, हेपॅरिनची मात्रा आणि मागच्या काही सत्रांची नोंद सोबत न्यावी. लग्नासाठी सत्र चुकवू नये.