माजी आमदारांचं सभागृहातलं काम तपासताय? या चुका टाळा

माजी आमदार पुन्हा तिकिटासाठी उभे राहिले की नागपुरात पत्रकं फिरू लागतात. एक बाजू सांगते, साहेबांनी अमुक कायदा आणला. दुसरी सांगते, तमुक विधेयकाला यांनीच हात वर केला होता. दोघंही बेधडक बोलतात, कारण विधिमंडळाची कार्यवाही, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाची लेखी नोंद, उघडून बघतो कोण? ती बघायलाच हवी. पण बघणारेही ठरावीक जागी चुकतात. मग प्रामाणिक माणसावर अन्याय तरी होतो, नाहीतर न केलेल्या कामाचं श्रेय तरी वाटलं जातं.

मतांची यादी असेलच असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बहुतेक विधेयकांवर नावनिशी मतदान होतच नाही. अध्यक्ष म्हणतात, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ मग ‘होयचे बहुमत’ असं जाहीर होतं आणि प्रस्ताव संमत झाल्याची एक ओळ कार्यवाहीत उरते. त्या ओळीत कोणाचंच नाव नसतं. त्यामुळे ‘विरोध नोंदवलेला नाही, म्हणजे पाठिंबाच होता’ असा निष्कर्ष काढू नका.

नोव्हेंबर २०१४ मधला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानेच संमत झाला आणि मतविभागणीवरून, म्हणजे बाजूनिहाय मतं मोजण्यावरून, गदारोळ उडाला. याउलट जुलै २०२२ मध्ये शिरगणती झाली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७, तर दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. अशा वेळी कोण कुठल्या बाजूला उभं होतं हे सांगता येतं. पण हे प्रसंग मोजकेच.

यादी मिळाली तरी लगेच माणसाची परीक्षा करू नका. १९८५ साली संविधानात दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आली, तेव्हापासून व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे नोंदलेलं मत बहुतेकदा पक्षाचं असतं. माझ्या मते त्या आमदाराचं भाषण आणि त्याने सुचवलेल्या सुधारणा हीच खरी कसोटी. विधेयकाच्या एखाद्या खंडातला (कलमातला) एक शब्द बदलावा म्हणून जो अर्धा तास भांडला, त्याचं नाव कुठल्याच पत्रकात येत नाही.

सभात्यागही तपासा. लोकायुक्त विधेयक २८ डिसेंबर २०२२ ला नागपुरात विधानसभेने चर्चेविना संमत केलं, कारण विरोधकांनी सभात्याग केला होता. त्या दिवशी बाहेर पडलेल्या आमदाराने ‘लोकायुक्ताविरुद्ध मत दिलं’ असं लिहिणं खोटं ठरेल. तो मतदानात नव्हता, एवढंच लिहा.

विधेयक कोणाचं, हे न पाहणं

मंत्र्याने मांडलेलं विधेयक शासकीय असतं, त्यामागे मंत्रिमंडळाचा निर्णय असतो. ते एकट्याच्या खात्यावर टाकू नका. आमदाराचं स्वतःचं म्हणजे अशासकीय विधेयक. मंत्री असताना ते मांडता येत नाही, त्यामुळे त्या वर्षांतला कोरा रकाना बघून ‘निष्क्रिय’ असा शिक्का मारू नका.

अशासकीय विधेयकं मंजूर होणं फार दुर्मीळ. संसदेत आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. म्हणून मंजूर किती झाली यापेक्षा विषय कोणता निवडला आणि मंत्र्याकडून काय आश्वासन पदरात पाडून घेतलं, ते बघा.

सालाचा घोळ

गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केली, राष्ट्रपतींची मंजुरी आली २०१५ मध्ये. २०१५ च्या सभागृहात त्या विधेयकावरचं मतदान शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश ऑगस्ट २०१३ चा, विधेयक संमत झालं डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात आणि अधिनियम क्रमांक ३०. अध्यादेश, विधेयक आणि अधिनियम या तिघांचे क्रमांक वेगळे असतात. एकाचा क्रमांक घेऊन दुसरा शोधू नका.

फक्त डिसेंबर चाळणं

ही खास आपल्याकडची सवय. अधिवेशन गावात असतं, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रं भरून वाहतात, म्हणून तेवढ्याच दिवसांची कात्रणं काढली जातात. आमदाराचं निम्म्याहून जास्त काम मुंबईतल्या अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशनात असतं. शिवाय नागपूर म्हणजे हिवाळीच, हेही दरवेळी खरं नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन इथे झालं, तर २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत.

नावच सापडत नसेल तर

आधी सभागृह तपासा, विधानसभा की विधान परिषद. मग मतदारसंघ. नागपूर दक्षिण-पश्चिम २००९ च्या निवडणुकीपासूनचा आहे, त्याआधीची नोंद त्या नावाखाली नसणारच. कायद्यांचीही नावं बदलली आहेत. आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम जुन्या कार्यवाहीत ‘मुंबई पोलीस अधिनियम’ म्हणून येतो.

आणि माणूस १९५२ च्या निवडणुकीतला असेल तर महाराष्ट्राच्या कार्यवाहीत वेळ घालवू नका. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे त्याची भाषणं आणि विधेयकं मध्य प्रदेश विधानसभेच्या कार्यवाहीत शोधा. नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० चा शोध मुंबई राज्याच्या, आणि पुढचा महाराष्ट्राच्या कार्यवाहीत घ्या.