फु क्वोकला जाताय? मग हे आधी वाचा

व्हिएतनामचं फु क्वोक बेट म्हटलं की पहिला प्रश्न व्हिसाचा. बाहेरच्या देशातून थेट बेटावर उतरलात, किंवा मधे विमान बदललं पण ट्रान्झिटमधून बाहेर नाही पडलात, तर ३० दिवस व्हिसा लागत नाही. पण आपल्यातले बरेच जण मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला उतरून दोन दिवस तिथे फिरतात नि मग तासाभराच्या फ्लाइटने बेटावर जातात, त्यांना ई-व्हिसा काढावाच लागतो, २५ डॉलर, आणि तो सरकारी साइटवरूनच काढा.

सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. त्यानंतर आपल्या कोकणासारखंच, नैऋत्येचा वारा सुटतो नि पश्चिम किनारा खवळतो. हॉटेल स्वस्त पडतंय म्हणून जुलैत तिकिटं काढलीच असतील तर पूर्वेचा साओ बीच धरा, तो त्यातल्या त्यात शांत असतो.

नोटा नीट बघून द्या. २०,००० डोंगची निळी आणि ५,००,००० ची पण निळसरच, रात्रीच्या बाजारात घाईत एकीच्या जागी दुसरी गेली की सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे गेले.

स्कूटर भाड्याने सहज देतात, लायसन्स कोणी विचारत नाही, पण आपल्याकडचा इंटरनॅशनल परमिट तिथे चालत नाही, म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखं टॅक्सीचं अ‍ॅप) वापरा.

आता खाणं. शाकाहारी असाल तर 'आन चाय' म्हणायला शिका, हो, तिथे चाय म्हणजे शाकाहारी! (आपला चहा मागायला जाल नि समोर टोफू येईल.) वर 'न्युओक माम नको' हेही सांगा, कारण हा फिश सॉस कशातही असतो. मांदेलीच्या जातकुळीतले बारके मासे मिठात मुरवून, मोठमोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर ठेवून तो करतात. कारखान्यात पाय टाकला की सुकटीच्या बाजारात आल्यासारखं वाटतं, पण बघाच. मासे खाणाऱ्यांनी हाम निन्ह या कोळ्यांच्या गावात जाऊन उकडलेल्या चिंबोऱ्या मीठ, मिरी नि लिंबात बुडवून खायच्या, मिरी बेटावरचीच.

शेजारच्या होन थोम या छोट्या बेटावर जाणारी केबल कार जवळजवळ आठ किलोमीटर समुद्रावरून जाते, खाली होड्या काडेपेटीएवढ्या दिसतात, पैसे वसूल.

येताना सॉसची बाटली हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनलाही एअरलाइन्स कुरकुरतात, फुटली तर अख्ख्या विमानाला वास. मिरी आणा.