डोलणारा घोडा आणि 0.6 मिमी

18 मिमीचं प्लाय मोजलं तर 18 चं नसतं. हे मलाही आधी सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि अख्खी शीट सीएनसी राउटरवर (संगणकातल्या फाईलवरून लाकूड कापणारं यंत्र) कापून मोकळा झालो.

मुलाला बसून डोलता येईल असा घोडा करायचा होता. 12 मिमी प्लायसाठी काढलेली छोट्या घोड्याची तयार फाईल हाताशी होती, ती दीडपट केली. एका तुकड्यात दुसरा बसवायची 12 ची खाच आपसूक 18 झाली. वाटलं, काय जमलंय! व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तो कापून झाल्यावर. प्लाय भरलं 17.4.

0.6 मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? खाच 60 मिमी खोल होती आणि घोड्याची मान तिच्यापासून 600 मिमी उंच. खालचे 0.6 वर पोचेपर्यंत 6 मिमी होतात. घोडा पुढेमागे डोलायचा सोडून कडेला लचकायला लागला. मग खाचांत गोंद ओतला. दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू. ढिला सांधा गोंदाने घट्ट होत नाही, नुसता उशिरा सुटतो.

म्हणून शीट आली की चारही कडांना मोजा. एकाच शीटमध्येही जाडी कमीजास्त निघते. मग तिच्याच कडेच्या पट्टीत 17.3 पासून 17.8 पर्यंत, 0.1 च्या फरकाने सहा खाचा कापून बघा. बिट (यंत्राचं कापणारं पातं) तेच, वेगही तोच. झिजलेलं 6 चं बिट 6 चं कापत नाही, त्यामुळे स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. तुकडा हाताने अर्धा आत जावा आणि मॅलेटच्या हलक्या टोल्याने बसावा, ती खाच तुमची. आणि रंग आधी लावणार असाल तर सांध्यांवर मास्किंग टेप मारा. रंगालाही जाडी असते, हे मी दुसऱ्या घोड्याला शिकलो.

बाकीचं तेवढं अवघड नाही, खरंच. 6 चं बिट आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई सोडतं, तिथे डॉगबोन द्या, म्हणजे चौकोनी तुकडा पूर्ण बसावा म्हणून कोपऱ्यात थोडा जास्तीचा गोल काप. टॅब, म्हणजे तुकडा शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, विसरलात तर तुकडा सुटून बिटाखाली येतो. हलणाऱ्या भागांतली फट 5 मिमीच्या आत ठेवा, नाहीतर सरळ 13 च्या वर. मधल्या फटीत बोट सापडतं.

तयार फाईल वापरू नका असं नाही, पण जाडीचा आकडा एका जागी बदलला की सगळ्या खाचा बदलतील, अशीच घ्या. आणि शिकवणारा तुमच्या हातातला माऊस ओढून घेत असेल तर दुसरा शोधा. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी माझी वाया गेलेली शीट बघून एवढंच विचारलं, "आधी मोजलं का?" राग आला होता तेव्हा.

पहिल्या घोड्याच्या दोन्ही बाजू अजून भिंतीला टेकून आहेत. नवं बिट आलं की त्यांतलाच एखादा तुकडा कापून बघतो. एकाची मान अर्धी संपली आहे.