इलेक्ट्रिक केलेल्या गाडीसाठी टायर कसे निवडावेत

जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवली की पुढचा ध्यास रेंजचा. त्यासाठी कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारे टायर हवेतच, पण टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या.

इंजिन, इंधनाची टाकी, सायलेन्सर निघाले आणि बॅटऱ्या बहुधा डिकीत आल्या. एकूण वजन थोडंच वाढलेलं असलं, तरी मागच्या ॲक्सलवर भार बराच वाढलेला असू शकतो. म्हणून नेहमीची माणसं आणि सामान भरून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची.

आता टायरची बाजू वाचा. समजा 185/65 आर15 88एच असं लिहिलंय. यातला 88 हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 560 किलो. मागच्या ॲक्सलवर 1,080 किलो भरले तर एका टायरवर 540 येतात. चालेल, पण अगदी काठावर. अशा वेळी त्याच मापाचा 92 इंडेक्सचा, 630 किलो पेलणारा एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) टायर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ गाडीला दिलेल्या इंडेक्सच्या खाली तर कधीच जाऊ नका.

मग रोलिंग रेझिस्टन्स. रस्त्याला टेकताना रबर दबतं, सुटताना पूर्ववत होतं आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. 1,400 किलोच्या गाडीला 0.010 गुणांकाचे टायर असतील, तर या एकाच कारणाने किलोमीटरमागे सुमारे 38 वॉट-अवर जातात. 0.007 चे लावले तर 27. गाडी एरवी किलोमीटरला 150 वॉट-अवर खात असेल, तर 20 किलोवॉट-अवरच्या बॅटरीवर 133 ऐवजी साधारण 144 किलोमीटर मिळतील. बॅटरीला हातही न लावता!

युरोपातल्या टायर-लेबलवर मे 2021 पासून रोलिंग रेझिस्टन्सचे ए (सर्वांत कमी) ते ई (सर्वांत जास्त) असे वर्ग आहेत. वरच्या हिशेबातला पहिला टायर डी, दुसरा बी. त्याच लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्गही असतो. तो आधी बघा. रेंजसाठी पकडीत तडजोड करू नका, कारण बॅटरीने जड झालेली गाडी थांबवायची याच टायरांनी आहे.

टायर दिसायला छान म्हणून रुंद घेऊ नका, हवेचा अडथळा वाढतो. बाहेरचा व्यास मूळ टायरइतकाच ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकेल.

बसवल्यावर हवा टायर थंड असताना, नव्या वजनाप्रमाणे भरा. बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. अलाइनमेंटही करून घ्या. वजन बदललं की गाडीची उंची बदलते, टो (वरून पाहताना चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन) बिघडतो आणि चाकं घासत चालतात.

रेंज मोजताना एक लक्षात ठेवा: नव्या टायरच्या नक्षीत रबर जास्त, त्यामुळे झिजलेल्या टायरपेक्षा सुरुवातीला त्याचा रेझिस्टन्सही जास्त असतो. लगेच निराश होऊ नका. टायर रुळल्यावर, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगाने पुन्हा मोजा.